चकमधलं करडीचं तेल

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा पहिले कित्येक महिने मी दुपारी पुरती जागी नसायचेच. झोपलेली असायचे असं नव्हे. ज्वारी निवडणं, लुगडी धुणं, सगळं चाललेलं असायचं. पण गिरणीचं इंजिन जमिनीखालून घुमत राहायचं आणि त्या घुमण्यात मी अर्धीमुर्धी विरघळून जायचे. आमची खोली गिरणीच्या मागच्या चाळीत होती. भिंतीला पाठ टेकली की ती गुणगुण पाठीतून वर चढायची. माझ्या माहेरी, मंद्रूपला, दुपारी इतकं शांत असायचं की गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू यायचं, तरी तिथं मला कधी गुंगी आली नाही. इथं ती रोज यायची. भोंगा झाला की दचकून भानावर यायचे आणि चुलीत लाकूड सारायचे.

तीस सालानंतरची दोन-चार वर्षं असतील ती. मला तेव्हा सतरावं असेल नाहीतर अठरावं, नीट कुणी मोजलं नव्हतं. मालक, म्हणजे माझे यजमान, गिरणीच्या वर्कशॉपात ड्रिल मशीनवर होते. त्याआधी चार वर्षं ते ब्लो-रूममध्ये होते. ब्लो-रूम म्हणजे कापसाच्या गाठी फोडून पिंजायचं खातं. तिथं हवेतच कापूस असतो आणि तो श्वासाबरोबर आत जातो. लग्नात मी त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता, पण खोकला ऐकला होता. अक्षता पडत होत्या आणि ते तोंडावर उपरणं धरून खोकत होते. त्या संध्याकाळी माझी आई आत्याला कन्नडमध्ये हळूच काही म्हणाली. मला ते ऐकू आलं होतं. मी न ऐकल्यासारखं केलं.

मी आले त्याच्या थोडं आधीच त्यांना वर्कशॉपात घेतलं होतं. सहा महिने हात बघायचा, जमलं तर कायम, नाही जमलं तर परत कापसात, अशी बोली. वर्कशॉपचे मुख्य एक मिस्त्री होते, वयस्कर मुसलमान, दखनीत बोलायचे. सगळं त्यांच्या हातात होतं. वर्कशॉपात गेल्यापासून मालकांचा खोकला उतरत चालला होता. पहाटे ते उठायचे तेव्हा मी अंथरुणातच कान देऊन पडायचे. एखाद्या पहाटे खोकला आलाच नाही की त्या दिवशी मी भाकऱ्या जरा मोठ्या थापायचे. कुणाला काही बोलायचे नाही. एवढं एक मागणं मी देवाकडे मागत होते, की हा माणूस परत कापसात जाऊ नये.

आता चकबद्दल सांगते. मालकांच्या बोलण्यात सगळ्यात जास्त येणारी वस्तू तीच होती. भोक पाडायचं ड्रिल तोंडात घट्ट धरून ठेवतो तो चक. मुठीएवढा, पोलादी, तीन जबड्यांचा. आणि हा चक मशीनला कसा धरलेला असतो, तर त्याच्या पाठीत एक निमुळतं भोक असतं, आणि मशीनमधून खाली येणारा आर्बर नावाचा जो दांडा, त्याचं टोकही तसंच निमुळतं घासलेलं असतं. टोक भोकात घालायचं, लाकडी मोगरीनं एक ठोका द्यायचा, झालं. मधे खीळ नाही, आटे नाहीत, काही नाही.

पहिल्यांदा त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते.

"मग पडत कसं न्हाय त्ये?" मी विचारलं.

"धरून बसतंय."

"कशानं पन?"

"अंगाला अंग लागलं की बसतंय. मदी काय बी आलं न्हाय पायजे. धूळ न्हाय, पानी न्हाय, घाम न्हाय."

मला हसू आलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते पुढे सांगतच राहिले, साहेबांनी हा चक विलायतेहून मागवला आहे, आर्बरवर एक ओरखडासुद्धा चालत नाही, मिस्त्री तो पुसायला वेगळं फडकं ठेवतात. भाकरी तव्यावर करपली तरी त्यांचं संपलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या चकचा राग यायचा. नव्या नवरीसमोर बसून माणूस लोखंडाची वर्णनं करतो म्हणजे काय. पण दुपारच्या गुंगीत तो चक मलाही दिसायचा. न पाहिलेल्या वर्कशॉपात, न पाहिलेल्या मशीनला, कशाच्याही आधाराशिवाय लटकून गरगर फिरणारा. किती वेळ पाहिलं तरी तो पडायचा नाही, आणि मला उगाच बरं वाटायचं.

मग खंडेनवमी आली. गिरणीत त्या दिवशी इंजिनाला झेंडूच्या माळा घालायचे, नारळ फोडायचे. पण आपल्या हातातल्या हत्याराची पूजा आपल्या घरात झाली पाहिजे, हे मालकांचं ठाम मत. त्यांनी मिस्त्रींना विचारलं. "ले जा. मगर जैसा ले गया वैसाच ला," असं मिस्त्री म्हणाले. आदल्या संध्याकाळी मालकांनी चक आणि आर्बर सुटे केले, दोन्ही रॉकेलनं धुतले, कोरडे ठणठणीत केले आणि पांढऱ्या फडक्यात बांधून घरी आणले. बाळंतिणीला घरी आणावं तसे जपून जिना चढले.

मी चक प्रथम पाहिला तो तेव्हा. मांडीवर घेतला. भलताच जड होता, आणि गार. जबडे फिरवून उघडले, मिटले. ते तिन्ही जबडे एकदम पुढे यायचे, एकदम मागे जायचे, आवाज म्हणून नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकी नीट केलेली वस्तू मी जन्मात हातात धरली नव्हती. मालक बघत होते. "काय म्हनतोस?" असं त्यांनी चकलाच विचारलं, आणि मग आम्ही दोघंही हसलो.

खंडेनवमीला पहाटे ते नळावर आंघोळीला गेले. चाळीत नळ एक, रांग मोठी. मी पाट मांडला, खाली रांगोळी काढली, समई लावली. चक आणि आर्बर पाटावर शेजारी शेजारी ठेवले. विभूतीची बोटं ओढली, कुंकू लावलं. मग माझं लक्ष चकच्या पाठीतल्या भोकाकडे गेलं. ते कोरडं होतं. अगदी कोरडं, बोट घातलं तर कुईं वाजेल असं.

माहेरी खंडेनवमीला आप्पा, म्हणजे माझे वडील, गाडीची चाकं काढायचे आणि मधल्या भोकांत वंगण भरायचे. मोटेच्या चाकाला तेल, पाळण्याच्या कड्यांना तेल, विहिरीच्या रहाटाला तेल. ज्या भोकात दांडा जातो ते भोक कोरडं ठेवणं म्हणजे बैलाला पाण्यावर न नेणं, इतकं ते आमच्याकडे वाईट. आप्पा दुसऱ्याची गाडी रस्त्यात कुरकुरताना दिसली तर थांबवून गाडीवानाला चार शब्द सुनवायचे. मी त्या घरातली पोर. मला वाटलं, शहरातल्या माणसांना काय कळतंय. रॉकेलनं धुऊन काढलं बिचाऱ्याला आणि तसंच उघडं ठेवलं.

समईची तेलाची बुधली शेजारीच होती. करडीचं तेल, ताजं, घाण्यावरून आणलेलं. मी तर्जनी त्यात बुडवली आणि चकच्या भोकात घातली. एका पेरापर्यंत बोट गेलं, पुढे भोक निमुळतं होत गेलेलं. मग बोट हळूहळू गोल फिरवलं, सगळीकडून, तान्ह्या मुलाच्या टाळूला लावतात तसं जिरवत. जास्तीचं तेल पदरानं टिपून घेतलं, म्हणजे ओघळ यायला नको. हे करताना मला फार सुख झालं. दिवसभर ज्या वस्तूपाशी हा माणूस असतो तिला आपला हात लागला, असं काहीसं मनात होतं. मी ते मालकांना सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं आहे असंच मला वाटलं नाही. घरातली बाई समईत तेल घालते ते कुणाला सांगते का?

मालक आले, पूजा झाली, आरती झाली. दसरा झाल्यावर त्यांनी दोन्ही वस्तू त्याच फडक्यात गुंडाळून नेल्या. एरवी ते बसवण्याआधी भोक पुसून घ्यायचेच, पण या खेपेला पुसलं नाही. भोक त्यांनी स्वतः धुतलं होतं, आणि पूजेवरून आणलेली वस्तू लगेच फडक्यानं पुसायची त्यांना जिवावर आलं. आर्बरवर ठेवला, ठोका दिला, बसला.

चौथ्या दिवशी दुपारी चक खाली पडला.

मालकांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ओतीव लोखंडाच्या तुकड्यावर तो आदळला, ड्रिल मोडलं, काम वाया गेलं. त्यांनी दोन्ही अंगं पुसली, परत बसवला. दोन दिवस ठीक गेले. मग पुन्हा दुपारीच पडला, या वेळी त्यांच्या पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर. त्यांनी रॉकेलचं फडकं काडीला गुंडाळून भोक आतून फिरवून फिरवून पुसलं, उजेडात धरून पाहिलं. काही दिसलं नाही. सकाळी चक पक्का बसायचा. दुपारी मशीन तापलं की सुटायचा. तिसऱ्यांदा पडला तो मिस्त्रींच्या देखत.

"चक में कुछ नै रे," मिस्त्री म्हणाले, "तेरे हाथ में है. दिवाली तक देखता मैं. तब भी गिर्‍या तो तू वापस कपास में जा."

हे सांगताना मालकांनी मिस्त्रींचा आवाजही काढला नाही, एरवी काढायचे. दिवाळीला बारा-तेरा दिवस राहिले होते.

त्यानंतर घर बदललं. मालक जेवताना स्वतःच्या हाताकडे बघत राहायचे. उजव्या हाताची मूठ वळायची, सोडायची. नळावरून पाण्याची घागर एका हातानं उचलून आणायचे, बाकीचे हसायचे. एकदा म्हणाले, "खोकल्यानं हातातला जोर खाल्ला बग. बाहेरून कळंना, पन ठोकाच बसंना झालाय." आणि खोकलाही परत आला. कापसात न जाताच आला, नुसत्या भीतीनं. पहाटे मी ऐकत पडायचे आणि आईनं आत्याला कन्नडमध्ये जे सांगितलं होतं, की हा माणूस फार दिवस टिकायचा नाही, ते आपोआप आठवायचं. मला त्या दिवसांतली दुपारची गुंगी आठवते. इंजिन तसंच घुमायचं, पण आता गुंगीत तो चक दिसला की तो हळूहळू खाली सरकत असायचा, आणि मला तो हातानं धरता यायचा नाही.

मला वेडीला तोवर संशयसुद्धा आला नाही. तेल घातल्यानं कुठली वस्तू बिघडते, हे माझ्या बुद्धीत बसणारंच नव्हतं.

दिवाळीआधीच्या शनिवारी त्यांनी चक आणि आर्बर परत घरी आणले. या खेपेला मिस्त्रींनी नुसती मान हलवली. रविवारी गिरणी बंद. इंजिन थांबलेलं असलं की चाळीच्या भिंती मुक्या व्हायच्या आणि मी टक्क जागी असायचे. दुपारी दाराशी बसून मी गहू पाखडत होते. उन्हाचा एक लांबट पट्टा घरात आला होता आणि मालक त्या पट्ट्यात मांडी घालून बसले होते, समोर फडकं, फडक्यावर त्या दोन वस्तू.

"काजळ हाय का गं?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"दे तर."

मी डबी दिली. शेजारच्या तेलुगू बाईंनी मला ते काजळ धरायला शिकवलं होतं, तांब्याच्या ताटलीवर, बारीक लोण्यासारखं. मालकांनी बोटाच्या टोकावर इतकंसं घेतलं आणि आर्बरच्या निमुळत्या टोकावर सगळीकडून पातळ पसरलं. दांडा काळा झाला. मग तो चकच्या भोकात अलगद घातला, जरासा फिरवला आणि बाहेर काढला.

"आता बग," ते म्हणाले. "जितं लोखंडाला लोखंड लागलं तितलं काजळ पुसलं जातंय. सगळीकडनं सारकं पुसलं म्हंजे नीट बसतंय."

मी सूप खाली ठेवून जवळ गेले. दांड्याच्या जाड बाजूला काजळ पुसलं गेलं होतं, एका पट्ट्यात. पुढे टोकापर्यंत ते तसंच काळं होतं, लागलेलंच नव्हतं.

"तोंडापाशी कायतरी हाय," मालक स्वतःशीच म्हणाले. "आत काय बी लागत न्हाय. तोंडापाशीच आडतंय. पन दिसत तर काय न्हाय."

त्यांनी चक माझ्यासमोर धरला. भोकाच्या आतला रंग तोंडापाशी किंचित तपकिरी होता. पोलाद जुनं झालं की होतं तसा, असं कुणालाही वाटलं असतं. मला वाटलं नाही. तो रंग मी रोज पाहत होते. करडीच्या तेलाच्या बुधलीला आतून चढतो तो राप. करडीचं तेल वाळलं की त्याचा पापुद्रा होतो, ऊन लागलं की चिकट, गार झालं की काचेसारखा. आणि त्या रंगाची खोली बरोबर माझ्या बोटाच्या एका पेराएवढी होती.

मी उठले आणि नळावर गेले. तिथं कुणी नव्हतं. घागर नेली नव्हती, तरी नळ सोडून उभी राहिले. मला फार भीती वाटली. मालक मारणारे नव्हते, हे मला ठाऊक होतं. भीती वेगळीच होती. दोन आठवडे हा माणूस आपल्या हाताला दोष देत होता, घागरी उचलत होता, आणि हात माझा होता. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. चार दिवसांनी ते कापसात गेले असते. मी नळ बंद केला आणि परत आले.

"त्याल म्या घातलंतं," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं नाही. "कसलं त्याल?"

"करडीचं. खंडेनवमीला. भोकात, बोटानं. कोरडं दिसलं म्हनून."

मी पदराचं टोक पिळत उभी. मग त्यांनी विचारलं, "किती खोल?"

मी तर्जनी पुढे केली आणि अंगठ्यानं पेर दाखवलं. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, दांड्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, परत बोटाकडे पाहिलं. आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच राहिले.

"म्हंजे हात बरा हाय माजा," ते म्हणाले.

मी रागावायची वाट पाहत होते. तो राग काही आला नाही. मला त्याचं इतकं जड झालं की मीच चिडले. म्हटलं, हसताय काय, आता हे निघणार कसं ते बघा. ते म्हणाले, रॉकेलनं तर निघालं नाही. मग मात्र मी त्यांच्या हातातून चक काढून घेतला. वाळलेलं करडीचं तेल रॉकेलला दाद देत नाही, हे वर्कशॉपात कुणाला माहीत नसेल, पण बुधली घासणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं.

पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला. कडुनिंबाची काडी चेचून तिचा कुंचला केला. चुलीतली राख मी घेणार होते, पण मालक ओरडले, राखेनं ओरखडे पडतील. मग नुसत्या सोड्याच्या कढत पाण्यानं, पुन्हा पुन्हा. तिसऱ्या पाण्याला पापुद्रा सुटायला लागला. काडीवर मऊ, पिवळट, कुजकट वासाचा चिकटा आला. तो पाहून मालक म्हणाले, "आयला, येवडं हुतं?" आणखी दोन पाण्यांनी भोक धुतलं, कोरडं केलं. त्यांनी पुन्हा काजळ लावून पाहिलं. या खेपेला ते वरपासून खालपर्यंत सारखं पुसलं गेलं. मग दोन्हीकडचं काजळ त्यांनी नव्या फडक्यानं इतक्या वेळा पुसलं की फडकं पांढरंच राहायला लागलं.

मिस्त्रींची एक युक्ती त्यांना आठवली. चक गरम असावा, आर्बर गार असावा, म्हणजे नंतर चक निवतो आणि आवळून धरतो. आमच्या चाळीच्या गच्चीवर फरशी दुपारी पाय ठेवू देत नव्हती. चक तिथं ऊन खात ठेवला. आर्बर एका कोरड्या तांब्यात घालून तांब्या माठातल्या पाण्यात उभा ठेवला. आणि आम्ही दोघं जिन्यात सावलीला बसून राहिलो, चक तापायची वाट बघत. ती दुपार मला अजून तशीच दिसते. गिरणी बंद, आकाशात घारी, खाली कुणाच्या तरी हातमागाचा खटखट आवाज येतोय आणि थांबतोय. लग्नाला पाच महिने होत आले होते आणि इतका वेळ नुसतं शेजारी बसायची ती आमची पहिलीच वेळ. मला वाटत होतं, चक तापायला आणखी वेळ लागावा.

मग मालकांनी चकचे जबडे आत ओढून घेतले, त्यांना मार लागायला नको म्हणून. चक पाटावर पालथा ठेवला, वरून आर्बर घातला, आणि माझ्या कपडे धुवायच्या धोपटण्यानं त्यावर एक ठोका दिला. आवाज वेगळाच आला, बंद, भरीव. मालकांनी ओढून पाहिलं. निघेना. मग एक टोक माझ्या हातात दिलं, एक त्यांनी धरलं आणि आम्ही खोलीच्या मधोमध दोन बाजूंनी ओढायला लागलो. सकाळी काढलेली रांगोळी पायाखाली फिसकटली. चक काही सुटला नाही.

"मिस्त्रीला सांगा," मी म्हणाले, "बायकोनं येडेपना केला म्हनून."

"बगू," ते म्हणाले.

सोमवारी दिवसभर मी भिंतीला पाठ लावून बसले. संध्याकाळी ते आले ते हातपाय न धुताच म्हणाले, दिवसभर चालला, सगळ्यात मोठं ड्रिल लावून मिस्त्रींनी स्वतः जाड पत्र्यातून काढलं, हलला नाही. पण मिस्त्री तेवढ्यावर खूश नव्हते. त्यांनी विचारलं होतं, काय झालं होतं ते सांग. कारण कळलं नाही तर उद्या परत पडेल, आणि कारण कळल्याशिवाय मी तुला मशीनवर उभा करणार नाही.

"मग?" मी विचारलं.

"सांगितलं कारन. ऱ्हायलो ड्रिलवर."

मी पुढे काही विचारलं नाही. दिवाळी झाली, सहा महिने भरले, मालक कायम झाले. खोकला हिवाळ्यात थोडा राहिला आणि पुढच्या उन्हाळ्यात गेला. पहाटे कान देऊन पडायची माझी सवय मात्र बरीच वर्षं गेली नाही.

पण त्या दिवसापासून मिस्त्रींची मला धास्ती बसली. भाजीबाजारात त्यांची पांढरी दाढी दिसली की मी पदर पुढे ओढायचे आणि दुसऱ्या ओळीला जायचे. एकदा तर घेतलेली मेथी तिथंच टाकून आले. माझ्या मनात पक्कं बसलं होतं की वर्कशॉपात सगळे माझ्यावर हसतात. दुपारी इंजिनाच्या घुमण्यात मला ते हसणं ऐकू यायचं. अमक्याची बायको, चकला तेलाचं न्हाऊ घालणारी. मी तीन वर्षं ते मनात घेऊन वावरले, आणि मालकांना त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. आपली चूक, आपली लाज, असं धरून चालले होते.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी मालक भाकरी घरीच विसरून गेले. मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा. त्याला कडेवर घेऊन, भाकरीचं फडकं हातात घेऊन मी दुपारच्या सुट्टीआधी गिरणीच्या दारावर गेले. दारावर एक पहारेकरी बसला होता, कामगारांतलाच, म्हातारा झाल्यावर तिथं बसवलेला.

"कुनाला द्यायची?" त्यानं विचारलं.

आता मालकांचं नाव मी कसं घेणार? म्हटलं, "वर्कशॉपात हायत. ड्रिलवर."

"ड्रिलवर दोगं हायत. लांबडा का तेलवाला?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "तेलवाला कोन?"

"हाय एक," तो म्हणाला. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, वेळ जात नव्हता म्हणून सांगत होता. "गावाकडचा. नवा आला तवा पूजा केली आन् चकात करडीचं त्याल घातलं त्यानं. रोज चक पडायचा. लई हसली लोकं. आता नवीन पोरं आली की मिस्त्री ह्येलाच फुडं बोलावतो आन् सांगतो, बगा, ह्यो शाना काय करत हुता. आन् ह्यो बी हुबा ऱ्हाऊन हसतोय. मागं मिस्त्रीच्या हाताखालची जागा निगाली, काम ह्येचं चांगलं हाय सगळ्यात, पन तेलवाल्याला कोन देतंय?"

कडेवरचं मूल केस ओढत होतं ते मला कळत नव्हतं. भोंगा झाला. माणसं बाहेर यायला लागली, आणि त्यांच्यात मालक आले, मागून मिस्त्री. मला पाहून मालक झपझप पुढे आले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पदर मागे सरकला होता, तो सारखा केला नाही. मी मिस्त्रींसमोर जाऊन उभी राहिले.

"तुमी ह्यांना तेलवाला म्हनताय," मी म्हणाले. "त्याल ह्यांनी न्हवतं घातलं. म्या घातलंतं. ह्यांना ठावं बी न्हवतं."

आजूबाजूची माणसं थांबली. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले, मग मालकांकडे वळले.

"तीन साल हो गए रे," ते हळू म्हणाले. "बोल्या क्यूँ नै?"

मालकांनी माझ्या हातातून भाकरीचं फडकं घेतलं. मुलाच्या डोक्यावर ऊन येत होतं म्हणून त्याला माझ्या दुसऱ्या कडेवर दिलं.

"घरातली गोष्ट हाय ती," ते म्हणाले.

आणि भाकरी घेऊन आत गेले. मी तिथंच उभी राहून रडले, मिस्त्रींसमोर, पहारेकऱ्यासमोर, सगळ्या गिरणीसमोर, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.